पडणाऱ्याचे हात

हॉलिवूड, ९ फेब्रुवारी १९३६

एल्डनदादास,

हे पत्र फाडायचंच असेल तर आधी शेवटची ओळ वाच, मग फाड. वहिनी वाचून दाखवत असतील तर वहिनी, तुम्हीपण आधी तीच वाचा. मधलं सगळं नंतर, जेवणं झाल्यावर वाचलं तरी चालेल.

तू काय म्हणाला होतास ते मला पाठ आहे. फाटकापाशी, चाकाच्या खुर्चीत बसून म्हणालास. "तिकडं गेलास तर मला धाकटा भाऊ नव्हताच असं धरून चालेन." बरं. मग असं धर की हा कुणी परका पोरगा आहे. त्याला घोड्यावर बसता येतं, बाकी काही येत नाही, आणि तो तुला एक गोष्ट विचारतोय. परक्याला तू कधी रिकाम्या हाती पाठवलेलं मी बघितलं नाही.

इथं दोन जातीची माणसं आहेत. बोलणारी आणि पळणारी. पळणारे म्हणजे आम्ही. सकाळी औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर टोप्या घालून उभं राहायचं. कोण ओक्लाहोमाचा, कोण मोंटानाचा, सगळे धुळीच्या वादळांनी शेतं गाडून घर सोडायला लावलेले. ट्रक येतो, माणूस बोट दाखवतो, तू, तू आणि तो लंगडा नको. मग दिवसभर डोंगरातून घोडे पळवायचे. सकाळी दरोडेखोर म्हणून मरायचं, कपडे झटकायचे, आणि दुपारी त्याच दरोडेखोरांचा पाठलाग करायचा. जो पडद्यावर बोलतो त्याला नाव असतं, सावलीत खुर्ची असते. आम्हाला नाव नाही. यंदाच्या थंडीत माझ्याकडं बोटसुद्धा फार वेळा आलेलं नाही. खोगीर विकलं. हो, बाबांचंच.

आता गोष्ट. ब्रॅकेट म्हणून दिग्दर्शक आहे. त्यानं मला बोलायचं काम देऊ केलंय. मी दरोडेखोर. हिरो मागं लागलाय. मी भरधाव येतो, घोड्यासकट कोसळतो, आणि मधे कुठंही न कापता त्याच दृश्यात सरपटत पुढं येऊन, मरता मरता हिरोला एक वाक्य बोलतो. चेहरा दिसायला हवा, म्हणून माझ्याजागी दुसरा कुणी पडू शकत नाही. जमलं तर तो मला सगळ्या पिक्चरमधे घेणार, बोलून मरणारा म्हणून. नाही जमलं तर परत कोपरा, आणि एकदा नाही म्हटलेल्याकडं कोपऱ्यावर कुणी बोट दाखवत नाही.

घोडा तारेनं पाडणार आहेत, एक टोक त्याच्या पुढच्या पायांना, दुसरं मागं जमिनीत पुरलेलं. तार तुला माहितीये.

पडताना आधी काय सोडायचं? रिकिबी की लगाम?

व्हर्न


२३ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. पोस्टातला म्हातारा मला बघितलं की आता लांबूनच मान हलवतो.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही. म्हटलं तुला राग येईल. पण तू तसाही रागातच आहेस, तर लिहितो.

मला इथं पहिलं काम मिळालं ते घोडेस्वारीवर नाही मिळालं. कपडेवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, म्हणाला, "हा चालेल," आणि तांबड्या-काळ्या चौकड्यांचा शर्ट अंगावर फेकला. पांढरा रुमाल गळ्यात. घोडा बदामी, कपाळावर पांढरा पट्टा असलेला. काम एवढंच, खांद्यावरून मागं बघायचं आणि घाबरायचं. मी घाबरलो. सगळे छान म्हणाले. माझी छाती अशी फुगली, विचारू नकोस.

मग पिक्चर बघायला गेलो. मी मागं बघतो, घाबरतो, आणि लगेच पाठीमागून दिसतो तो तसाच शर्ट, तसाच घोडा, आणि तो जो कोसळतो तो मी नव्हतो. डावं कोपर बाहेर काढून बसायची सवय आख्ख्या जगात एकाच माणसाला आहे. दादा, ते तुझं पडणं होतं. यांनी ते डब्यात जपून ठेवलंय. ज्या पिक्चरमधे कुणी पडायचं असेल त्यात तेच चिकटवतात, आणि पडणाऱ्याला तुझ्यासारखे कपडे घालतात. चेहरा माझा, पडणं तुझं.

पोरांना तर ते इतकं पाठ झालंय की मी मागं बघितलं तशी आख्खी पुढची रांग एका सुरात ओरडली, "आता आपटतंय!" आणि शेंगांची टरफलं पडद्यावर. म्हणूनच ब्रॅकेटला आता नवीन पडणं हवंय.

तू जमिनीला टेकायच्या आधीच दरवेळी कापतात. धूळ, वर आलेले खूर, आणि लगेच हिरोचा हसरा चेहरा. पुढं काय झालं ते कुठंच दिसत नाही. बाबांना कंपनीचा माणूस सांगून गेला की तुमचा मुलगा पिऊन घोड्यावर बसला होता. बाबा मरेपर्यंत तेच धरून बसले. तू हो म्हटलं नाहीस, नाही म्हटलं नाहीस. म्हणून तुलाच विचारतोय.

इथं एक म्हातारा आहे, प्रूइट. आमच्याच खाणावळीत राहतो. त्याचं तोंड तू ओळखशील, गावातल्या थेटरात दर शनिवारी शिव्या खातो. व्हिलनच्या हाताखालचा जो सगळ्यात हलकट माणूस असतो ना, सुरुवातीलाच कुत्र्याला लाथ मारणारा, तो हा. त्या लाथेवरून लोकांना कळतं की माणूस वाईट आहे.

"पोरा," मला म्हणाला, "हिरोला दात चांगले लागतात. नायिकेला केस. कुत्र्याला लाथ मारायला नुसतं तोंड लागतं, आणि तुझं तोंड देवानं फुरसतीत त्याचसाठी घडवलंय."

"तुम्ही किती वेळा मेलात हो?" मी विचारलं.

"मोजायचं सोडलं. बायको निघाली तेव्हा म्हटलं, बाई, इतक्या वेळा मरताना बघितलंस, एकदा जगताना बघून जा. नाही थांबली."

आणि हसला. लाथ मारायच्या दिवशी तो कुत्र्यासाठी घरून उकडलेली कलेजी घेऊन जातो. आणि चर्चमधे सगळ्यात मागच्या बाकावर बसतो, कारण पुढं बसला की बाया पोरांना जवळ ओढून घेतात. पण बारा महिने काम असतं त्याला. मला तेवढंच हवंय. बाया काय ओढायचं ते ओढू देत.

मला नुसतं लिही. रिकिबी की लगाम.

व्हर्न


८ मार्च

दादा,

तू लिहीत नाहीस म्हणून प्रूइटच शिकवतोय. भाड्याच्या तबेल्यात त्यानं पिंप दोरांना टांगलंय. मी पिंपावर बसतो, हातात लगाम, दोन जण दोर हिसकतात आणि प्रूइट ओरडतो, "सोड!"

माझ्यानं सुटत नाही.

पाय निघतात. पाय अगदी बरोबर निघतात. हात मिटलेलेच राहतात. पिंप उलटं होतं आणि मी त्याच्याबरोबर गवतात.

"अरे सोड म्हटलं की! ते काय लग्नातलं पोरीचं बोट आहे?"

"सुटत नाहीत."

"का सुटत नाहीत? खळ लावलीय?"

मग मी सांगितलं. म्हटलं, आमच्याकडं घोडा अडखळला की लगाम सोडत नाहीत. उलट वर उचलून धरायचा. घोडं पुढं झुकलं की त्याला तेवढ्या दोन हातांचाच आधार असतो, डोकं वर राहिलं तर ते सावरतं. बाबांनी आम्हाला चालायला शिकवायच्या आधी हे शिकवलंय. सोडणाऱ्याला रात्रीचं जेवण नसायचं.

प्रूइटनं हलणारं पिंप हातानं थांबवलं. दोर हिसकणाऱ्या पोरांना म्हणाला, जा रे, कॉफी पिऊन या. पोरं गेल्यावर गवताच्या गठ्ठ्यावर बसला.

"आम्हाला म्हणजे कुणाला?"

"मला आणि माझ्या भावाला."

"भावाचं नाव काय?"

मी सांगितलं. दादा, त्यानं टोपी काढली. मेलेल्यासाठी काढतात तशी. मी म्हटलं, अहो जिवंत आहे तो, नेब्रास्कात आहे, नुसता पत्रं लिहीत नाही.

"उद्या माझ्याबरोबर चल," म्हणाला. "तुला काहीतरी दाखवायचंय. तुझं बघून झाल्यावर मग मला मारायचं तर मार."

व्हर्न


१० मार्च

दादा,

बघितलं.

फिल्म कापायच्या खोलीत कोव्हाकबाई म्हणून आहेत. कापलेली टोकं त्या टाकत नाहीत. हातानं फिरवायचं एक यंत्र आहे, त्यात पत्त्याएवढं चित्र दिसतं. म्हणाल्या, "हे टोक कुणी मागत नाही. पण मला टाकवलंही नाही." आणि त्यांनीच फिरवलं.

तार ताणली जायच्या आधीच तुझे पाय रिकिबीतून बाहेर होते. ठरल्याबरोबर, अगदी नेमके. प्रूइट मागून म्हणाला, "पिलेला माणूस इतक्या वेळेवर पाय काढत नाही. त्या दिवशी मी तिथंच होतो. थेंबसुद्धा प्यायला नव्हता तुझा भाऊ." मी म्हटलं, मग सांगितलं का नाही कुणाला? तर म्हणाला, "मला दुसऱ्या दिवशी काम होतं." एवढंच. मी त्याला मारलं नाही. मलाही उद्या काम हवंच आहे की.

मग तार ताणली. घोड्याचे पुढचे पाय गेले, मान खाली गेली. इथं कुणीही दोन्ही हात पसरून लांब उडून पडतो, तिथं भुसभुशीत माती घातलेली असते. तू उडाला होतास. तू हवेत होतास दादा, सुटला होतास. पण मुठी मिटलेल्या. तू हवेतून त्याचं डोकं वर ओढत होतास. म्हणून मातीपर्यंत पोचलाच नाहीस, त्याच्याच खाली गेलास.

आणि मग ते टोक संपायच्या आधी घोडा उठला. अंग झाडलं आणि बाजूला जाऊन उभा राहिला. तू नाही उठलास.

बाई पुन्हा फिरवू का म्हणाल्या. मी नको म्हटलं.

म्हणजे तू न लिहिताच मला उत्तर मिळालं. रिकिबी तुला जमल्या होत्या. लगाम. लगाम सोडायचा असतो.

आता दुसरंच विचारतो. सोडू का? तू नको म्हणालास तर मी ब्रॅकेटला नाही म्हणतो आणि कोपऱ्यावर उभा राहतो, नाहीतर संत्र्यांच्या मळ्यात जातो, जिथं माणसं टोळधाडीसारखी आलीयत. पण तू म्हण. मी एकटा ठरवू शकत नाही. आमचं पडणं १९ तारखेला आहे, लोन पाइनच्या खडकांत. तारेनं कळव. एक शब्द टाक.

व्हर्न


लोन पाइन, १९ मार्च, सकाळी

दादा,

तुझी तार आली नाही. इथं तार म्हटलं की दुसरीच आठवते.

घोडा राखाडी आहे, वयस्कर. नाव विचारायचं नाही अशी प्रूइटनं ताकीद दिलीय. मी उतरताना लगाम जमिनीवर टाकला तर जागच्या जागी थांबला, खांब ठोकल्यासारखा. माश्या बसल्या तरी हलला नाही. आपल्याकडच्यासारखा शिकवलेला आहे, लगाम सुटला की थांबायचं. कुणाच्यातरी कुरणावर आयुष्यभर गुरं वळली असणार यानं.

बोलावतायत.

व्हर्न


२२ मार्च

दादा,

जमलं.

हातपाय धड आहेत, गालाला थोडं खरचटलंय, ब्रॅकेट म्हणतो उलट बरं दिसतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मला सावलीतली खुर्ची मिळाली, तेव्हा ऊनही नव्हतं.

आता कसं जमलं ते लिहितो, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

निघालो. चांगला पळत होता, वयाच्या मानानं फारच चांगला. खुणेचा दगड आला. पाय काढले. मग हात उघडले. उघडले दादा. पिंपावर इतके दिवस न उघडलेले हात तिथं पहिल्या झटक्यात उघडले.

लगाम मानेवर पडला तसं त्याला कळलं. त्याला वाटलं मी थांब म्हणतोय. तो थांबायला लागला. मागचे पाय पोटाखाली घेऊन, मान वर करून, शहाण्यासारखा, शिकवलं होतं तसा. पायातल्या तारेचं टोक मागं पुरलंय ते त्याला ठाऊक नव्हतं, त्याला एवढंच ठाऊक होतं की सांगितलेलं ऐकायचं. तो ऐकत असतानाच तार ताणली.

मी मातीत पडलो. ठरल्या जागी. सरपटत पुढं आलो. मागं त्याची धडपड ऐकू येत होती, दोन्ही पुढचे पाय गेले होते आणि तो उठायला बघत होता. कॅमेरा चालू होता. ब्रॅकेट हातानं खुणावत होता, चालू दे, चालू दे. मला हिरोकडं बघून म्हणायचं होतं, "तुझ्या बापाला मीच मारलं, आणि हसत हसत मारलं." आणि हसायचं होतं.

मी बोललो. हसलोसुद्धा. एकदाही न अडखळता. ब्रॅकेट म्हणाला, असं हसणं शिकवून येत नाही.

कॅमेरा थांबल्यावर गोळीचा आवाज आला. मी तिकडं बघितलं नाही.

प्रूइट रात्री जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "चांगलं केलंस पोरा. आता तू माझ्यापेक्षा वरचा." आणि माझ्या शेजारी न बसता पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला.

व्हर्न


हॉलिवूड, ३ जून

दादा,

पिक्चर लागलं. तुमच्याकडं पोचायला वेळ आहे, पण पोचलं की जाऊ नकोस. वहिनी, खुर्ची ढकलून त्याला नेऊ नका.

पोरं "आता आपटतंय" म्हणाली नाहीत. श्वास रोखून बसली होती, आणि मी हसलो तेव्हा एक पोरगी रडली. ब्रॅकेटनं ते ऐकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. माझं नाव लागलंय, सगळ्यात खाली, पण लागलंय. परवा रस्त्यात एका बाईनं मला बघून पोराला जवळ ओढलं. प्रूइटला सांगायला गेलो, म्हटलं हसेल. "आता चर्चमधे मागं सरकून बसतो, तुला जागा करतो," म्हणाला. हसला नाही.

त्यानंतर मी आणखी पडलोय. प्रत्येक पिक्चरमधे त्यांना तसंच हवं असतं, आणि मी देतो. किती ते विचारू नकोस. घोडे वेगवेगळे असतात. एक घोडी उठली, लंगडत का होईना पण उठली, बाकीचे नाही. सोमवारी परत आहे. या वेळी दोन घोडे, म्हणजे मी आणि दुसरा एक पोरगा, आणि त्या पोराला मीच शिकवतोय. पिंपावर बसवून "सोड" म्हणून ओरडतो. त्याला लगेच जमलं. तो शहरातला आहे.

मला पडायची भीती वाटत नाही, आणि मरायची तर नाहीच, तोच तर माझा धंदा झालाय. मला भीती वाटते ती माझ्या हातांची. ते आता आपोआप उघडतात. काल सकाळी रस्ता ओलांडताना एक म्हातारी ठेचकाळली आणि तिनं माझा हात धरला. मी हात उघडला दादा. उघडला आणि बघत राहिलो. ती पडली. लोकांनी उचललं तिला, फार लागलं नाही, पण मी तिथंच उभा होतो, हात असे पसरून, जसं काही कुठूनतरी कॅमेरा बघतोय.

तू हवेत असतानासुद्धा मुठी मिटून धरल्या होत्यास. मला आता जमिनीवर उभं राहूनही जमत नाही.

पहिल्या पत्रात मी विचारत होतो कसं पडायचं. नंतर विचारलं पडू का. ते सगळं सोड. आता काहीच विचारत नाही. तिकडं मला कामाची कमतरता नाही, कुंपणं दुरुस्त करेन, तुझी खुर्ची ढकलेन, गुरांचं शेण काढेन. घोड्याला हात लावू नको म्हणालास तर तेही ऐकेन. पण आपणहून येऊन फाटकापाशी उभं राहायची हिंमत माझ्यात नाही, कारण तू तिथं म्हणाला होतास ते तू मागं घेतलेलं नाहीस. तू न बोलावता मी आलो आणि तू तोंड फिरवलंस, तर मला ट्रकच्या बोटाशिवाय दुसरं काही उरत नाही.

म्हणून "ये" लिही. वहिनींच्या अक्षरात असलं तरी चालेल, पण शब्द तुझा असू दे. पुढं माझं नाव नको, तुझंही नको. नुसतं ये.

सोमवारी सकाळी ट्रक मला न्यायला येतो. आता बोट दाखवत नाहीत, दारात थांबून हॉर्न वाजवतात, आणि मी जातो.

व्हर्न